डीएमएसओची बाटली: प्रयोगशाळेसाठी नक्की घ्या, पोटासाठी घेऊ नका

डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे आमच्या तोंडी रुळलेलं डीएमएसओ, या द्रावकाचा रिव्ह्यू लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. रुग्णाच्या पोटातून आलेल्या जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालेल आणि कोणतं चालणार नाही, हे प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या माध्यमाच्या चपट्या बशीत, तपासणं माझं रोजचं काम. त्या कामात सतत हाताशी लागते ती डीएमएसओची बाटली. आता हेच द्रावक ‘पोटातले जंतू मारतं’, ‘अल्सर मुळापासून बरा करतं’ असं सांगून, पाण्यात थेंब टाकून प्यायला म्हणून ऑनलाइन विकलं जातंय. त्यामुळे वस्तू म्हणून ते कसं आहे आणि पोटाच्या संसर्गाबाबत त्याच्यावर झालेलं संशोधन काय सांगतं, हे दोन्ही एकाच ठिकाणी लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. मी वापरते ते सेल कल्चर ग्रेडचं, ९९.९ टक्के शुद्धतेचं. रंग नाही, ताज्या बाटलीला वासही जवळपास नाही. ओतताना ते पाण्यापेक्षा किंचित दाट वाटतं आणि जडही असतं. लिटरभर द्रावकाचं वजन साधारण १.१ किलो भरतं. उकळायला १८९ अंश लागतात, त्यामुळे अॅसिटोनसारखं बघता बघता उडून जात नाही. मोठी बाटली घेण्यापेक्षा छोट्या सीलबंद अँप्यूल घ्या असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. डीएमएसओ हवेतलं पाणी फार पटकन शोषून घेतं. मोठी बाटली रोज उघडत गेलं की महिन्याभरात आत काय प्रमाणात काय उरलंय, हे लेबल वाचून कळत नाही.

ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये एक तक्रार वारंवार दिसते: ‘माल गोठलेला आला, खराब आहे.’ तो खराब नसतो. डीएमएसओ १८.५ अंश सेल्सियसला गोठतं. एसी जरा जास्त लावलेल्या खोलीत रात्रभर बाटली राहिली की सकाळी तळापासून काचेसारखे स्फटिक धरलेले दिसतात. उलट पाणी मिसळलेलं असेल तर गोठणबिंदू बराच खाली जातो, म्हणून थंड खोलीतही अजिबात न गोठणाऱ्या बाटलीकडे मी जास्त संशयाने बघते. कोमट पाण्यात बाटली उभी करून ठेवली की ते पुन्हा पातळ होतं. फक्त वापरण्याआधी नीट हलवून घ्या.

कामाला कसं आहे, तर अप्रतिम. मेट्रोनिडाझोलचंच बघा. एच. पायलोरीच्या उपचारातलं हे जुनं औषध. जंतूंची औषध-संवेदनशीलता तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सीएलएसआय या प्रमाणसंस्थेच्या पद्धतीत मेट्रोनिडाझोलचा स्टॉक, म्हणजे मूळ तीव्र द्रावण, बनवायला डीएमएसओच दिलेलं आहे. पुढची विरळ द्रावणं पाण्यात करायची. वजन करून घेतलेली पावडर नळीच्या तळाशी बसलेली असते. वरून डीएमएसओ सोडलं आणि नळी व्हॉर्टेक्सवर, म्हणजे गरगर हलवणाऱ्या यंत्रावर, धरली की काही सेकंदांत सगळं स्वच्छ होतं. मग पाणी घातलं की नळी बोटांना गरम लागते, कारण डीएमएसओ आणि पाणी एकत्र येताना उष्णता बाहेर पडते. नवीन मुलं इथे दचकतात. दचकण्यासारखं काही नाही, पण उष्णतेने बिघडणारं औषध असेल तर नळी थंड होऊ द्यावी. पाण्यात मुळीच न विरघळणारं औषध असेल तर वेगळी खबरदारी लागते. डीएमएसओमधला सुंदर पारदर्शक स्टॉक पाण्यात टाकताच पांढरा ढग उठतो. तो ढग म्हणजे औषध पुन्हा बाहेर पडलं. तो तसाच प्लेटमध्ये मिसळला तर आकडा कागदावर एक आणि जंतूसमोर दुसराच.

गाळणीचंही सांगून ठेवते, कारण यात अनेकांचा स्टॉक वाया जातो. सेल्युलोज अॅसिटेट किंवा नायट्रोसेल्युलोजची फिल्टर पटलं डीएमएसओमध्ये विरघळतात. स्टॉक निर्जंतुक गाळायचा असेल तर डीएमएसओ चालेल असं लेबलवर लिहिलेलं पीटीएफई किंवा नायलॉनचं फिल्टर घ्या. प्लॅस्टिकच्या नळ्यांबाबतही हाच सावधपणा हवा. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. रोजच्या वापराच्या प्लॅस्टिक नळ्यांतून आणि पिपेट टिप्समधून ओलिअमाइडसारखी रसायनं द्रावकात उतरतात आणि एन्झाइमांच्या प्रयोगांचे निकाल बिघडवतात, असं त्यात दाखवलं होतं. तपासलेल्या द्रावकांत डीएमएसओही होतं. तेव्हापासून महत्त्वाचे स्टॉक आम्ही काचेत किंवा चांगल्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीतच ठेवतो.

हातमोजे हवेतच. डीएमएसओ स्वतः फार विषारी नाही, पण ते त्वचेतून सहज आत शिरतं आणि आपल्यात विरघळलेलं बरंच काही सोबत घेऊन जातं. आमच्याकडे एका विद्यार्थ्याच्या मनगटावर थोडं सांडलं होतं. हात लगेच धुतला, तरी थोड्या वेळाने त्याच्या श्वासाला लसणासारखा वास यायला लागला. शरीरात डीएमएसओचा काही भाग डायमिथाइल सल्फाइडमध्ये बदलतो आणि तो श्वासावाटे बाहेर पडतो. हा वास लक्षात ठेवा, पुढे संशोधनाच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

आता जंतूकडे वळते. एच. पायलोरी वाढवणं हे सोशिकपणाचं काम आहे. त्याला ऑक्सिजन कमी लागतो, साधारण ५ टक्के. कार्बन डायऑक्साइड १० टक्के लागतो. ३७ अंश तापमान आणि रक्त घातलेलं माध्यम लागतं. तरीही तीन ते पाच दिवस, कधी त्याहून जास्त वाट बघावी लागते. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना १९८२ मध्ये हा जंतू पहिल्यांदा वाढवता आला, तो ईस्टरच्या सुटीमुळे प्लेट नेहमीपेक्षा जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या म्हणून. कॉलनी जेमतेम मिलिमीटरभर, जवळजवळ पारदर्शक. प्लेट तिरकी करून दिव्याखाली धरली तरच नीट दिसतात. त्यातली थोडी युरिया असलेल्या माध्यमात टाकली की काही मिनिटांत रंग गुलाबी होतो. जंतूचं युरिएज हे एन्झाइम युरिया फोडून अमोनिया तयार करतं, आणि जठरातल्या आम्लात तो तग धरतो तोही याच एन्झाइमच्या जोरावर.

अशा नाजूक जंतूवर औषध तपासताना द्रावकाचा स्वतःचा परिणाम वेगळा काढता आला पाहिजे. म्हणून प्रत्येक वेळी एक प्लेट फक्त डीएमएसओची ठेवतो. औषध शून्य, द्रावक मात्र औषधाच्या प्लेटमध्ये आहे तितकंच. आम्ही अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवतो आणि त्या प्लेटवर ग्रोथ साध्या प्लेटसारखीच दिसते. म्हणजे या प्रमाणात डीएमएसओ एच. पायलोरीला मारत नाही, आणि म्हणूनच तर ते द्रावक म्हणून कामाचं आहे. प्रमाण वाढवत नेलं तर जिवाणूंची वाढ खुंटते हे खरं. पण तेवढ्या प्रमाणात माणसाच्या पेशीही धड राहत नाहीत. पेशींच्या कल्चरमध्येसुद्धा सहसा १ टक्क्याच्या वर कुणी जात नाही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट इथेच आहे. वनस्पतींचे अर्क एच. पायलोरीवर चालतात असे निबंध सतत येत असतात, आणि त्यांतले काही नक्कीच चांगले आहेत. पण अर्क निव्वळ डीएमएसओमध्ये विरघळवून, प्लेटमध्ये भोक पाडून तसाच ओतला, आणि शेजारी नुसत्या डीएमएसओचं भोक ठेवलंच नाही, तर भोवती दिसणारी मोकळी गोल जागा अर्कामुळे की द्रावकामुळे हे कोण सांगणार? प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हाच घोळ होतो. डीएमएसओ स्वतः सूज कमी करतं. औषध डीएमएसओमधून दिलं आणि तुलनेच्या गटाला सलाइन दिलं, तर द्रावकाचं श्रेय औषधाच्या नावावर जमा होतं. निबंध वाचताना मी थेट पद्धतीचा भाग उघडते आणि दोन गोष्टी शोधते: डीएमएसओचं अंतिम प्रमाण आणि नुसत्या द्रावकाचा गट. त्या नसतील तर निष्कर्षापर्यंत जात नाही.

मग ‘डीएमएसओने अल्सर बरा होतो’ हे आलं कुठून? हवेतून आलेलं नाही, आणि ते थापा म्हणून उडवून लावणंही मला योग्य वाटत नाही. हे रसायन पहिल्यांदा बनवलं रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झाइत्सेव यांनी, १८६६ मध्ये. पुढे जवळपास शंभर वर्षं औषध म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. १९५९ मध्ये ते पेशी गोठवताना त्यांचं रक्षण करतं हे दाखवलं गेलं, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑरेगनमधले शल्यचिकित्सक स्टॅन्ली जेकब यांनी त्याचे वैद्यकीय उपयोग पुढे आणले. तेव्हा ते कागद उद्योगातलं उपउत्पादन म्हणून मुबलक मिळत होतं. प्रचंड उत्साह होता. मग प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसले आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. पुढे १९७८ मध्ये ५० टक्के द्रावणाला मान्यता मिळाली, तीही एकाच आजारासाठी: इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाचा एक वेदनादायक दाह. ते द्रावण नळीने थेट मूत्राशयात सोडतात. तोंडाने घ्यायचं औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही.

पोटाकडे संशोधकांचं लक्ष गेलं ते मुक्त मूलकांमुळे. मुक्त मूलकं म्हणजे समोर येईल त्याच्याशी लगेच अभिक्रिया करणारे अस्थिर रेणू. जठराच्या अस्तराला इजा होते तेव्हा तिथे ऑक्सिजनची अशी अतिक्रियाशील रूपं तयार होतात. एच. पायलोरीचा संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, अस्तरात गोळा होतात आणि जंतूवर मारा करण्यासाठी हीच रसायनं सोडतात. जंतू बहुतेक वेळा शाबूत राहतो, भाजतं ते अस्तर. डीएमएसओ यातल्या सर्वांत घातक हायड्रॉक्सिल मूलकाला पकडतं, हे रसायनशास्त्र पक्कं आहे. अल्कोहोलने उंदरांच्या जठराला होणारी इजा डीएमएसओ आधी दिल्याने कमी होते, हेही दाखवलं गेलंय. याच धाग्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सलीम या संशोधकाने ड्युओडेनल अल्सरच्या (जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या अल्सरच्या) रुग्णांवर डीएमएसओ आणि अॅलोप्युरिनॉल या दोन मूलकशोषकांच्या चाचण्या केल्या आणि अनुकूल निकाल नोंदवले. ऑनलाइन विक्रेते ज्याचा हवाला देतात ते संशोधन मुख्यतः हेच.

मी ते आदराने वाचते, पण त्याचा काळ विसरून चालणार नाही. तेव्हा अल्सरवर सिमेटिडीनसारखी आम्ल कमी करणारी औषधं चालत. जखम भरायची, औषध थांबलं की वर्षभरात बहुतेकांना अल्सर परत यायचा. परत का यायचा याचं उत्तर जंतूमध्ये होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने एच. पायलोरी असलेल्या अल्सरच्या रुग्णांना अँटिबायोटिक द्यावं असं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. मार्शल आणि वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. जंतू गेला की अल्सर परत येण्याचं प्रमाण एकदम खाली येतं, हे आता वादातीत आहे. मूलकं पुसत राहायची आणि जंतू तसाच ठेवायचा, हे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे. अँटिबायोटिकच्या जोडीला मूलकशोषक दिल्याने अस्तर लवकर सावरतं का, हा प्रश्न मात्र मला खरोखर महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर चांगलं काम व्हावं असं मनापासून वाटतं.

आता त्या दुसऱ्या बाटलीबद्दल. आमच्या प्रयोगशाळेत काम करणारे एक मामा ती दाखवायला घेऊन आले. भाच्याला एच. पायलोरी निघाला होता आणि घरच्यांनी ती मागवली होती. “मॅडम, आपल्याकडे हेच असतं ना? मग पोराला द्यायला हरकत नाही ना?” मी बाटली हातात घेऊन नीट बघितली. तपकिरी काच, छान लेबल, ‘शंभर टक्के शुद्ध’. लॉट नंबर नाही. कोणत्या ग्रेडचं ते नाही. विश्लेषणाचं प्रमाणपत्र मागायला पत्ता नाही. आणि झाकणाला रबरी ड्रॉपर! रबरातली रसायनं ओढून घेण्यात ज्या द्रावकाचा हातखंडा, त्याच्या बाटलीला रबराचा फुगा लावून, तो कायम द्रावकाच्या वाफेत आणि थेंबात भिजत ठेवलेला. थेंब जिभेवर पडेपर्यंत त्यात काय काय उतरलं असेल, ते कुणी तपासलंय?

मामांना मी म्हटलं, “मामा, आपलं डीएमएसओ औषध विरघळवायला आहे. जंतू मारतं ते त्यात विरघळलेलं औषध. हे भाच्याला देऊ नका, आणि तो दुसऱ्या काही गोळ्या घेत असेल तर मुळीच नाही.” कारण इतर औषधं शरीरात किती आणि कशी पोचतात, हे डीएमएसओमुळे बदलू शकतं. सुलिंडॅक या वेदनाशामकासोबत डीएमएसओ वापरून नसांना इजा झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. गोठवलेल्या मूलपेशी रुग्णाला देताना त्यांच्यासोबत जे डीएमएसओ शरीरात जातं, त्याने मळमळ, उलट्या, रक्तदाबात चढउतार होतात, म्हणून तिथेही दिवसाची कमाल मात्रा वजनानुसार बांधलेली असते. तेही रुग्णालयात, नर्स शेजारी उभी असताना.

भाच्याच्या घरच्यांना खरी अडचण होती ती अँटिबायोटिकच्या कोर्सची. ती मी समजू शकते. बिस्मथ असलेला चार औषधांचा कोर्स १४ दिवसांचा असतो: आम्ल कमी करणारं औषध, बिस्मथ, टेट्रासायक्लीन आणि मेट्रोनिडाझोल. गोळ्या भरपूर, तोंडाला धातूसारखी चव, बिस्मथमुळे जीभ आणि शौच काळी. काळं दिसलं की लोक घाबरून कोर्स अर्ध्यावर सोडतात, आणि त्यातूनच पुढे आमच्या प्लेटवर कशालाच न जुमानणारे जंतू येतात. हा काळेपणा बिस्मथचा असतो, कोर्स संपला की जातो. शौच डांबरासारखी चिकट असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठावं. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू इतके वाढलेत की संवेदनशीलता तपासल्याशिवाय ते औषध देऊ नये असा आजचा सल्ला आहे. कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून बंद ठेवून, युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासावरून जंतू ओळखणारी चाचणी) किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट (शौचात जंतूचे अंश शोधणारी) करून घ्यायची. दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला असं धरून चालू नये. थेंब पिणाऱ्यांना बरं वाटण्याचा धोका नेमका हाच आहे: डीएमएसओने सूज आणि वेदना कमी वाटू शकते, आणि जंतू आत निवांत राहतो.

माझं रेटिंग विचाराल तर प्रयोगशाळेतलं द्रावक म्हणून पाचपैकी पाच. पिण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बाटलीला एकही तारा देणार नाही. अँप्यूल घेताना लॉट नंबर, पाण्याचं प्रमाण आणि प्रमाणपत्र बघून घ्या. अंधारात, घट्ट बंद ठेवा. उघडलेली अँप्यूल परत वापरू नका.

आणि कुणी तरुण संशोधक पोटाच्या संसर्गात डीएमएसओची भूमिका माणसांवर तपासायच्या विचारात असेल, तर तो लसणाचा वास आधी सोडवा. ज्याला डीएमएसओ दिलं त्याच्या श्वासावरून रुग्णाला, नर्सला आणि डॉक्टरलाही कळतं की खरं औषध कुणाला मिळतंय. बरं वाटतंय का हे रुग्णाला विचारून ठरवायचं असेल तर तिथेच चाचणी फसते. त्यापेक्षा मोजमाप असं ठेवा की ज्यात कुणाच्या मताला जागा नाही: कोणता नमुना कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या पॅथॉलॉजिस्टने वाचलेली बायोप्सी आणि कोर्सनंतरच्या ब्रेथ टेस्टचा आकडा. दोन्ही गटांना पूर्ण अँटिबायोटिक कोर्स द्या, डीएमएसओ फक्त जोडीला. असा निबंध ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी त्याचा पद्धतीचा भाग सर्वांत आधी वाचेन.